साडेतेरा टक्क्यांची गोष्ट: मुंबई विमानतळाची कंपनी कशी हलली

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या वाड्याचं वाटणीपत्र 1974 सालचं आहे. स्टँप पेपर पिवळा पडलाय, घडीवर चिरलाय, पण सातवं कलम अजून स्वच्छ वाचता येतं: ‘कोणा हिस्सेदारास आपला हिस्सा विकणे झाल्यास त्याने प्रथम घरातील हिस्सेदारांस विचारावे व त्यांनी नाकारल्यासच परक्यास द्यावा.’ आजोबांनी वकील न लावता लिहिलेलं वाक्य. राजेंद्रनगरात माझ्याकडे शनिवारी संध्याकाळी सीए आणि एमबीए करणारी सहा-सात मुलं बसतात. मागच्या महिन्यात मी हा कागद त्यांच्यासमोर ठेवला, कारण त्यातल्याच एकाने विचारलं होतं, “काका, मुंबईचा एअरपोर्ट अदानींनी सरकारकडून विकत घेतला ना?”

सरकारकडून नाही. आणि विमानतळ तर नाहीच. मग घेतलं काय, आणि कोणाकडून? या प्रश्नाला आमचे दोन शनिवार गेले. ते प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे.

विमानतळ कोणाचा, कंपनी कोणाची

आपल्या इंदूरला बिजासन टेकरीच्या बाजूला जो विमानतळ आहे, त्याची जमीन, धावपट्टी, टर्मिनल आणि रोजचा कारभार सगळं भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. हे प्राधिकरण 1 एप्रिल 1995 रोजी दोन जुन्या संस्था एकत्र करून झालं. एक आंतरराष्ट्रीय विमानतळ पाहायची, दुसरी देशांतर्गत. 2003 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्राधिकरणाला आपले विमानतळ भाडेपट्ट्याने खासगी कंपनीला चालवायला देण्याची वाट मोकळी झाली.

पहिला मोठा प्रयोग दिल्ली आणि मुंबईवर. मुंबईसाठी मार्च 2006 मध्ये ‘मुंबई इंटरनॅशनल एअरपोर्ट लिमिटेड’ ही कंपनी नोंदली गेली. जमीन प्राधिकरणाचीच राहिली. कंपनीला मिळाला तो 30 वर्षं विमानतळ चालवण्याचा, बांधण्याचा आणि त्यातून कमावण्याचा हक्क, पुढे आणखी 30 वर्षं वाढवण्याच्या सोयीसह. 3 मे 2006 ला ताबा दिला गेला. थोडक्यात, कंपनीकडे मालमत्ता म्हणून मुख्यतः एक करार आहे. या कंपनीचे शेअर ज्याच्याकडे, त्याच्याकडे तो करार. पुढचं सगळं प्रकरण या एका गोष्टीवर उभं आहे.

हिस्सेदार चार. हैदराबादच्या जीव्हीके समूहाकडे 37 टक्के, दक्षिण आफ्रिकेच्या बिडवेस्टकडे 27, तिथल्याच एअरपोर्ट्स कंपनी साउथ आफ्रिकेकडे 10, आणि प्राधिकरणाकडे 26. विमानतळ चालवण्याचा अनुभव असलेला भागीदार आणणं बोलीत गरजेचं होतं. तो अनुभव त्या 10 टक्केवाल्यांचा.

2006: बोली आणि संप

त्या वेळच्या निविदेची कहाणी हा स्वतंत्र विषय आहे, लवकर पुढे सरकतो. तांत्रिक गुणांवरून वाद झाला, ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखालच्या तज्ज्ञ गटाने फेरतपासणी केली, अनिल अंबानींची रिलायन्स कोर्टात गेली आणि नोव्हेंबर 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरली. जीएमआर या दुसऱ्या बोलीदार कंपनीने रिलायन्सच्या 45.99 टक्क्यांची बरोबरी करून दिल्ली घेतली. मुंबईसाठी जीव्हीकेचा 38.7 टक्के हा आकडा सगळ्यांत वरचा होता. प्राधिकरणाचे कर्मचारी फेब्रुवारीच्या सुरुवातीला देशभर संपावर गेले, चार दिवसांनी परतले.

38.7 टक्के कशाचे, हे मी मुलांना मुद्दाम विचारलं. चौघांनी सांगितलं, नफ्याचे. चूक. हे एकूण महसुलाचे. शंभर रुपये आले की आधी 38 रुपये 70 पैसे प्राधिकरणाला द्यायचे. उरलेल्या 61 रुपये 30 पैशांत वीज, पगार, दुरुस्ती, कर्जाचं व्याज, आणि काही राहिलंच तर नफा. सराफ्यात रात्री खाण्याची गाडी लावणाऱ्याला विचारा, दिवसाच्या गल्ल्यातून आधी एक तृतीयांशापेक्षा जास्त हिस्सा जागेच्या मालकाला गेला तर तो भुट्ट्याचा कीस किती रुपयांना विकेल? विमानतळात फरक एवढाच की गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीकडे जाऊ शकत नाही.

बांधलं चांगलं, पैसा कुठून आणला

जीव्हीकेने काम वाईट केलं असं कोणी म्हणू शकणार नाही. आधीचं सहारचं टर्मिनल ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. 10 जानेवारी 2014 रोजी मनमोहन सिंग यांच्या हस्ते नव्या टी-2 चं उद्घाटन झालं आणि 12 फेब्रुवारीपासून ते सुरू झालं. मोराच्या पिसाऱ्याची आठवण करून देणारे ते पांढरे खांब, आत भिंतभर भारतीय कला. आमची वहिनी पहिल्यांदा तिथे उतरली तेव्हा सामानाच्या पट्ट्याकडे जायचं विसरून भिंतीच बघत राहिली होती.

पण खर्च वाढत गेला आणि एक वाटा प्रवाशावर टाकला गेला. एप्रिल 2009 पासून मुंबईहून निघणाऱ्या देशांतर्गत प्रवाशाकडून 100 आणि परदेशी जाणाऱ्याकडून 600 रुपये विकास शुल्क घेतलं जाऊ लागलं. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नियामकाच्या परवानगीशिवाय असं शुल्क घेता येणार नाही.

याच काळात जीव्हीकेने दुसरी मोठी उडी घेतली. 2009 पासून बंगळुरू विमानतळाच्या कंपनीत हिस्सा घेत घेत समूह 43 टक्क्यांवर गेला. मुंबईतही बिडवेस्टचा अर्धा हिस्सा घेऊन 50.5 टक्क्यांवर पोहोचला. दोन महानगरांचे विमानतळ एका घरात. हे सगळं कर्जावर, आणि ते कर्ज विमानतळाच्या कंपनीवर नाही, तिच्या वर रचलेल्या होल्डिंग कंपन्यांवर, म्हणजे तिचे शेअर धरून ठेवण्यासाठीच काढलेल्या कंपन्यांवर. 2017 पर्यंत बंगळुरूचा हिस्सा कॅनडाच्या फेअरफॅक्सला विकून समूह तिथून बाहेर पडला. कर्ज मात्र पुरतं फिटलं नाही.

मला या प्रकरणातलं सगळ्यांत महत्त्वाचं वळण हेच वाटतं. वर्तमानपत्रं 2019 आणि 2020 वर अडकतात.

त्यात नवी मुंबई आली. फेब्रुवारी 2017 मध्ये मुंबईच्या कंपनीने 12.60 टक्के महसूल हिस्सा देऊ करून नवी मुंबई विमानतळाची बोली जिंकली. समोर जीएमआर 10.44 वर होता. त्या नव्या कंपनीत मुंबईच्या कंपनीचे 74 टक्के, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेचे 26. म्हणजे यापुढे ज्याच्या हातात जुनी मुंबई, त्याच्याच हातात नवी. कंपनीचं मोल यामुळे वाढलं, आणि समूहाची पैशांची भूकही.

2019: हक्क आहे, पैसा नाही

मार्च 2019 मध्ये बिडवेस्टने आपले उरलेले साडेतेरा टक्के विकायला काढले. 16.2 कोटी शेअर, प्रत्येकी 77 रुपये, घेणारे अदानी. रक्कम सुमारे 1,248 कोटी. अदानी समूह तेव्हा विमानतळांच्या धंद्यात नवा होता, पण त्याच्या आधीच्याच महिन्यात त्याने प्राधिकरणाच्या सहा विमानतळांच्या बोली जिंकल्या होत्या: अहमदाबाद, जयपूर, लखनौ, गुवाहाटी, तिरुवनंतपुरम, मंगळुरू. तिथे महसुलाचा हिस्सा नव्हता, दर प्रवाशामागे ठरावीक रक्कम होती. अहमदाबादला 177 रुपये, मंगळुरूला 115. करार 50 वर्षांचा. एकाच बोलीदाराला किती विमानतळ द्यावेत याला मर्यादा असावी, असं अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाने आधी सुचवलं होतं. ते मानलं गेलं नाही.

आता आमचं सातवं कलम. जीव्हीके म्हणाला, परक्याला देण्याआधी आम्हाला विचारायला हवं, आणि आम्ही घेतो, त्याच भावाने. कायद्याच्या भाषेत याला प्रथम नकाराचा हक्क म्हणतात. नाव फसवं आहे. नकार द्यायला काही लागत नाही, होकार द्यायला पैसे लागतात. करारातल्या मुदतीत रक्कम उभी राहिली नाही. बिडवेस्टचं म्हणणं, तुमचा हक्क संपला. जीव्हीकेचं म्हणणं, नाही संपला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात आणि लवादात गेलं.

इथे मी मुलांना घरची गोष्ट सांगितली. 1991 मध्ये पुण्याच्या आत्याने वाड्यातल्या आपल्या दोन खोल्या विकायचं ठरवलं. शेजारचा कापडवाला रोख द्यायला तयार होता. थोरले काका म्हणाले, “मी घेतो.” खिशात काही नव्हतं. आत्या तीन वर्षं थांबली, हप्त्याने घेतले, आणि भावही सुरुवातीला बोलली तोच ठेवला. दर दिवाळीला टोमणा मारायची ते वेगळं. बिडवेस्ट ही काही पुण्याची आत्या नव्हती. जोहान्सबर्गची कंपनी, आपल्या भागधारकांना जबाबदार. तिला तारीख हवी होती.

जीव्हीकेने पैसे शोधले. ऑक्टोबर 2019 मध्ये अबू धाबी इन्व्हेस्टमेंट अथॉरिटी, कॅनडाची पीएसपी इन्व्हेस्टमेंट्स आणि आपल्याकडचा एनआयआयएफ हा गुंतवणूक निधी, ज्यात भारत सरकारचाही पैसा आहे, अशा तिघांशी करार झाला. जीव्हीके एअरपोर्ट होल्डिंग्जमधले सुमारे 79 टक्के 7,614 कोटींना. वरच्या कंपन्यांचं कर्ज अंदाजे 5,500 कोटी. बिडवेस्टचे 1,248 आणि दुसऱ्या दक्षिण आफ्रिकी भागीदाराचे 10 टक्के त्याच भावाने धरले तर 924. फळ्यावर तिन्ही आकडे एकाखाली एक लिहून बेरीज करायला सांगितली. 7,672. एक मुलगा पटकन बोलला, “भिया, म्हणजे हातात काहीच नाही उरत!” अगदी तेच. घराचा बहुतेक भाग देऊन घराचं नाव राखायचा तो सौदा होता. तरी वाईट नव्हता, कारण व्यवस्थापन जीव्हीकेकडे राहणार होतं. मंजुऱ्या रेंगाळल्या आणि 2020 उजाडलं.

2020: मागच्या दारानं

25 मार्च 2020 पासून देशातली प्रवासी विमानं दोन महिने बंद. विमान नाही, प्रवासी नाही, दुकान नाही, पार्किंग नाही. विमानतळाच्या कंपनीचा गल्ला असा एका रात्रीत कोरडा पडेल हे कोणत्याही तक्त्यात मांडलेलं नव्हतं. जूनच्या अखेरीस सीबीआयने जीव्हीके समूह आणि इतरांवर मुंबईच्या कंपनीतून सुमारे 705 कोटी वळवल्याच्या आरोपाखाली गुन्हा नोंदवला. पाठोपाठ ईडी.

31 ऑगस्ट 2020 रोजी अदानी एअरपोर्ट होल्डिंग्जने जाहीर केलं की ते जीव्हीके एअरपोर्ट डेव्हलपर्स या वरच्या होल्डिंग कंपनीचं कर्ज तिच्या कर्जदात्यांकडून विकत घेत आहेत आणि त्या कर्जाचं शेअरमध्ये रूपांतर करतील. जीव्हीकेने त्या तीन गुंतवणूकदारांशी केलेला करार मोडला. ते नाराज झाले, पण सौदा फिरला तो फिरलाच.

या चालीकडे नीट बघा. तीन मजल्यांची इमारत समजा. तळमजल्यावर मुंबई विमानतळाची कंपनी. तिच्यावर जीव्हीकेची होल्डिंग कंपनी, तिच्यावर आणखी एक. कर्ज वरच्या मजल्यावर. अदानींनी तळमजल्यातला एकही शेअर जीव्हीकेकडून विकत घेतला नाही. वरच्या मजल्याचा सावकार बदलला आणि मग सावकार मालक झाला. तळमजल्याच्या कागदावर 50.5 टक्के आधी ज्या कंपनीच्या नावावर होते त्याच कंपनीच्या नावावर राहिले. ‘हिस्सा विकणे झाल्यास प्रथम विचारावे’ हे कलम लागू होण्याचा प्रसंगच आला नाही. हिस्सा जागचा हलला नव्हता, हिस्सेदार कंपनीचा मालक बदलला होता. जे कलम पुढे करून जीव्हीकेने 2019 मध्ये अदानींना पुढच्या दारात अडवलं, त्याची मागच्या दाराला कडीच नव्हती. प्राधिकरण, सिडको, स्पर्धा आयोग आणि राज्य सरकार यांच्या मंजुऱ्या लागल्या, त्या मिळाल्या.

साडेतेरा टक्क्यांचं काय झालं? फेब्रुवारी 2021 मध्ये अदानींनी दोन्ही दक्षिण आफ्रिकी भागीदारांचे मिळून 23.5 टक्के 1,685.25 कोटींना घेतले. 28.2 कोटी शेअरनी भागा. शेअरमागे साठ रुपयांच्या आत, 59 रुपये 76 पैसे. दोन वर्षांपूर्वी भाव 77 होता. म्हणजे बिडवेस्टला हवा होता तोच घेणारा शेवटी मिळाला, पण भांडणाच्या वाट पाहण्यात प्रत्येक शेअरमागे सतरा रुपये गेले. अर्थात मधे महामारी होती, सगळा दोष कोर्टाच्या तारखांवर टाकता येणार नाही.

13 जुलै 2021 ला कंपनीचा कारभार अदानींकडे गेला. 74 टक्के त्यांचे, 26 टक्के अजून प्राधिकरणाचे. नवी मुंबईही ओघाने आली. तिचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झालं.

दबाव होता का

हा प्रश्न आला नसता तरच नवल. फेब्रुवारी 2023 मध्ये राहुल गांधींनी लोकसभेत आरोप केला की तपास यंत्रणांचा धाक दाखवून जीव्हीकेकडून मुंबई काढून घेतली. त्यावर जीव्हीकेचे संजय रेड्डी यांनी जाहीरपणे सांगितलं की त्यांच्यावर कोणाचाही दबाव नव्हता. बंगळुरूचा हिस्सा घेताना दहाएक वर्षांपूर्वी काढलेलं कर्ज फेडायचं होतं, महामारीत पैसा उभा राहत नव्हता आणि अदानी झटपट व्यवहार करायला तयार होते, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या बैठकीत यावर अर्धा तास गरमागरमी झाली, शेवटी मला चहा टाकायला उठावं लागलं. माझं मत सांगतो. जूनमध्ये गुन्हा, ऑगस्टमध्ये सौदा, ही जवळीक कोणाच्याही डोळ्यांत येईल. पण ज्या घराचं कर्ज दहा वर्षं वरच्या मजल्यावर लटकत होतं, ते घर 2020 मध्ये कोणीतरी घेणारच होतं. अबू धाबीवाल्यांनी तरी काय, 79 टक्केच मागितले होते. मला जास्त खटकतं ते वेगळंच. 2006 मध्ये या विमानतळासाठी उघड बोली झाली, तज्ज्ञ गट बसला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला. 2021 मध्ये तोच विमानतळ बोलीशिवाय, कर्जाच्या कागदावरून दुसऱ्याकडे गेला, आणि 26 टक्के हिस्सा असलेली सरकारी संस्था मंजुरीची सही करणारी म्हणूनच दिसली.

इंदूरवाल्यांना याचं काय

सप्टेंबर 2021 मध्ये प्राधिकरणाच्या मंडळाने आणखी 13 विमानतळ खासगी हातात द्यायला मान्यता दिली. मोठ्या सहांना लहान सात जोडून. वाराणसीला कुशीनगर आणि गया, रायपूरला औरंगाबाद, आणि आपल्या इंदूरला जबलपूर. कमावत्या मुलाच्या ताटात न कमावत्याला बसवायचं, अशी योजना. इंदूरहून 15 जुलै 2019 ला पहिलं आंतरराष्ट्रीय विमान दुबईला गेलं तेव्हा आपल्याकडे केवढं कौतुक झालं होतं. ते कमावतेपण तेव्हाच कोणाच्या तरी वहीत नोंदलं गेलं असणार.

म्हणून मी मुलांना सांगितलं, उद्या इंदूरच्या कंपनीचा करार तुमच्या टेबलावर आला तर तीन पानं आधी उघडा. हिस्सा महसुलाचा की प्रवाशामागे. कंपनीच्या वर किती मजले आणि त्यांचं कर्ज किती. आणि वरच्या मजल्यावरचा मालक बदलला तर ते ‘विकणे’ धरायचं की नाही.

दुसऱ्या शनिवारी गृहपाठ म्हणून आजोबांचं सातवं कलम नव्याने लिहायला दिलं होतं. सुदामानगरहून येणारी मुलगी सगळ्यांत नेटकं लिहून आली: ‘घरातील हिस्सेदाराने होकार दिल्यास त्याच दिवशी रकमेचा चौथा हिस्सा बँकेत जमा करावा. न केल्यास होकार रद्द समजावा. हिस्सेदाराने कर्जापोटी आपला ताबा दुसऱ्यास दिल्यास तीही विक्रीच समजावी.’ मी पेन उघडून खाली ‘उत्तम’ लिहायला लागलो.

तेवढ्यात मघाचा भियावाला म्हणाला, “पण काका, हे कलम 1991 मध्ये असतं तर तुमच्या थोरल्या काकांना त्या खोल्या मिळाल्याच नसत्या.”

काकू अजून त्याच दोन खोल्यांत राहतात. मी पेन बंद केलं आणि वाटणीपत्र पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवलं.